बोर्ड एकदा दिसला म्हणून होकार देऊ नका

प्रश्न : ताई, मी कराडच्या एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या अठरा संगणकांवर उबुंटू २२.०४ (लिनक्सची एक आवृत्ती) टाकल्यापासून आर्डुइनो नॅनोचे, म्हणजे मुले प्रोग्रॅम चढवून शिकतात त्या छोट्या सर्किटचे, स्वस्तातले बोर्ड सापडेनासे झालेत. केबल लावली की बोर्डावरचा दिवा लागतो, पण आर्डुइनोच्या मेनूत पोर्ट येत नाही. तेच बोर्ड विंडोजवर व्यवस्थित चालतात. एका सहकाऱ्याने चार संगणकांवरून 'बीआरएलटीटीवाय' नावाचे पॅकेज काढून टाकले आणि तिथे बोर्ड लगेच दिसू लागले. उरलेल्या चौदांवरूनही ते काढायचे ठरले होते. पण दुसऱ्या वर्षाला एक दृष्टिहीन विद्यार्थिनी आहे, ती ऑर्बिट रीडर २० हे ब्रेल उपकरण लावून काम करते, म्हणून मी ते थांबवले. आता दुरुस्त पॅकेजची चाचणी-प्रत आली आहे आणि 'चालते का ते कळवा' असा निरोप आहे. चाचणी नेमकी कशी करू?

उत्तर : तुम्ही थांबवलेत हे फार चांगले केलेत. जे पॅकेज 'काढून टाका' म्हणून सगळीकडे सुचवले जाते, ते कोणाच्या तरी हाताखालचा पडदा आहे. डोळस माणूस स्क्रीनवर वाचतो तेच हा प्रोग्रॅम ब्रेलच्या टिंबांत उठवतो. १९९५ पासून तो घडत आला आहे.

आधी बिघाड समजून घेऊ, कारण तो समजला नाही तर चाचणीत काय पाहायचे तेच कळत नाही. यूएसबी उपकरण लावले की ते सुरुवातीलाच संगणकाला आपली ओळख दोन आकड्यांत सांगते : एक उत्पादकाचा, दुसरा उत्पादनाचा. तुमच्या नॅनोवर सीएच३४० ही चिप आहे, चीनमधल्या नानजिंगच्या कंपनीची. तिची ओळख १ए८६ : ७५२३. ही चिप नुसती दुभाषी आहे. यूएसबीचे बोलणे सिरियलमध्ये (एकामागून एक बिट पाठवण्याच्या जुन्या पद्धतीत) आणि सिरियलचे यूएसबीत करते. ती विकत घेऊन आपल्या यंत्रात बसवणारे पुष्कळ. स्वतःचा वेगळा उत्पादक क्रमांक घ्यायचा तर हजारो डॉलर मोजावे लागतात, म्हणून बरेच जण चिपचाच आकडा तसाच ठेवतात. अमेरिकेतल्या दृष्टिहीनांसाठीच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेचा एक ब्रेल वाचक आहे, झूमॅक्सने बनवलेला, वीस घरांचा (एका घरात एक ब्रेल अक्षर). त्याचीही ओळख १ए८६ : ७५२३ अशीच आहे.

आता घडते ते असे. बोर्ड लावला की कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) सीएच३४१ नावाचा ड्रायव्हर, जो सीएच३४० चिपही सांभाळतो, त्याला बरोबर ओळखतो आणि टीटीवाययूएसबी० हे पोर्ट तयार करतो. तेवढ्यात यूडेव्ह, म्हणजे उपकरण लावल्यावर काय करायचे ते ठरवणारा लिनक्सचा भाग, आपल्या नियमांच्या यादीत हा आकडा शोधतो, तो ब्रेलच्या नावावर लिहिलेला सापडतो, आणि ब्रेलचा प्रोग्रॅम जागा होऊन बोर्ड ताब्यात घेतो. पोर्ट नाहीसे होते. म्हणजे तुमचा बोर्ड सापडत नाही असे नाहीच. तो सापडतो, आणि क्षणात दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून दिवा लागतो आणि मेनू रिकामा राहतो.

चाचणीची सुरुवात दुरुस्त पॅकेजने करू नका. ज्यावर कोणी काहीच केलेले नाही असा एक संगणक घ्या. सहकाऱ्याने पॅकेज काढलेले चार या कामाला निरुपयोगी आहेत. तिथे भांडणारा पक्षच उरला नाही, मग भांडण मिटले हे कशावरून ठरवणार? निवडलेल्या संगणकावर एका खिडकीत 'सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू' ही आज्ञा चालू ठेवा (इथे देवनागरीत छापली आहे, टाइप इंग्रजी लहान अक्षरांत करायची) आणि बोर्ड लावा. नव्या फुल-स्पीड उपकरणाची ओळ येईल, मग १ए८६ आणि ७५२३, मग सीएच३४१ टीटीवाययूएसबी० ला जोडला गेल्याची ओळ. त्यानंतर लगेच एक ओळ ज्यात 'बीआरएलटीटीवाय' हे नाव असेल, आणि शेवटी पोर्टचा संबंध तुटल्याची. हे वहीत उतरवून घ्या. कर्नलची आवृत्ती आणि ब्रेल पॅकेजची आवृत्ती त्याच पानावर लिहा. बिघाड आधी डोळ्यांनी पाहिलेला नसेल, तर तो गेला असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणखी एक पाहून घ्या. मधल्या काळात कोणी यूडेव्हची नियमांची फाइल ईटीसीमध्ये (संगणकाच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये) त्याच नावाने ठेवून त्यातली ती ओळ बंद केली असेल, तर ती प्रत मूळ फाइलच्या वर बसते. पॅकेज कितीही दुरुस्त होवो, संगणक जुनी प्रतच वाचत राहील. चाचणीआधी ती प्रत हलवा, नाहीतर तुम्ही स्वतःच्याच जुन्या उपायाची परीक्षा घ्याल आणि शिक्का दुरुस्तीवर माराल.

मग दुरुस्त पॅकेज टाका आणि संगणक पूर्ण बंद करून चालू करा. इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. दिंडोरी भागातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये वजनकाटा संगणकाला सापडत नव्हता. नवा ड्रायव्हर टाकला, केबल काढून लावली, काटा दिसला, मी 'झाले' म्हणून घरी आले. रात्री वीज गेली आणि पहाटे आली. सगळी यंत्रे एकदम सुरू झाली आणि काटा पुन्हा गायब. मजूर आलेले, क्रेट भरलेले, आणि मी पोचेपर्यंत तीन तास सगळे खोळंबले. मी फक्त चालू संगणकावर केबल काढून-लावून पाहिली होती. काटा आधीपासून जोडलेला असताना संगणक सुरू करून पाहिलाच नव्हता. त्या तीन तासांचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून माझी पहिली कसोटी तीच : उपकरण जोडलेले ठेवून बंद संगणक सुरू करायचा.

तुमच्याकडे ती आधी करा. मग चालू संगणकावर बोर्ड दहा वेळा काढा-लावा. संगणक झोपवून जागा करा. हबमधून लावा, कारण प्रयोगशाळेत मुले हबमधूनच लावतात. दोन बोर्ड एकदम लावा. दोघांची ओळख एकच आहे, तिथे गोंधळ व्हायला जागा आहे. आणि प्रत्येक वेळी पोर्ट दिसले एवढ्यावर थांबू नका. दिवा लुकलुकवणारा छोटा प्रोग्रॅम बोर्डावर चढवा, मिनिटभर थांबा, पोर्ट अजून आहे ना पाहा. प्रोग्रॅम चढवताना 'परवानगी नाही' असे आले तर तो वेगळाच बिघाड आहे : त्या वापरकर्त्याला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची मुभा असलेल्यांच्या गटात) घातलेले नाही. तो दुरुस्तीच्या खात्यात मांडू नका. सीपी२१०२ या दुसऱ्या दुभाषी चिपचे ईएसपी३२ बोर्ड (नॅनोसारखेच छोटे बोर्ड) असतील तर तेही घ्या. त्या चिपचा १०सी४ : ईए६० हा आकडासुद्धा ब्रेलच्या यादीत आहे, आणि २२.०४ वर त्यांनाही हाच त्रास झालेला आहे.

सगळे नीट चालले तर जुने पॅकेज परत टाका. बिघाड परत यायला हवा. हे लोक करत नाहीत, कंटाळतात. पण जुन्यावरही बोर्ड चालू लागला असेल तर मधे दुसरेच काही बदलले आहे, आणि मग श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचे. त्या विद्यार्थिनीला चाचणीला बोलवा. आधी 'एलएसयूएसबी' या आज्ञेने तिच्या ऑर्बिट रीडरची ओळख पाहून घ्या. ती ०४८३ : ए१डी३ अशी असते, म्हणजे वादातल्या आकड्याहून वेगळी. तेव्हा दुरुस्तीत नियमांच्या यादीतली १ए८६ ची ओळ बंद झाल्याने तिचे काही अडायला नको. पण 'नको' हे आपले गणित झाले. उपकरण लावल्यावर टिंबे उठतात का, ती टाइप करते ते उमटते का, तिच्या शेजारी कोणी नॅनो लावला तर तिचे वाचन तुटते का, हे फक्त तिच्या बोटांना कळणार. दुरुस्त पॅकेजवर ती अर्धा तास आपले नेहमीचे काम करू दे, आणि चालले की नाही ते तिने सांगू दे. अहवालात तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहा. झूमॅक्ससारखे तोच आकडा असलेले ब्रेल उपकरण पुढे कोणाकडे आले, तर ते लावल्याबरोबर आपोआप सुरू होणार नाही. ब्रेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ड्रायव्हर आणि यूएसबी हाताने लिहावे लागतील. ही गैरसोय खरी आहे आणि ती अहवालात आलीच पाहिजे.

'चालते' एवढा एक शब्द मात्र कळवू नका. उबुंटूत दुरुस्त्या आधी 'प्रपोज्ड' भांडारात येतात, तिथे किमान सात दिवस राहतात आणि कोणीतरी तपासून तशी खूण केल्याशिवाय सर्वांपर्यंत जात नाहीत. दुरुस्ती मांडणाऱ्याला 'बिघाड कुठे होऊ शकतो' हेही लिहून द्यावे लागते. तो भाग वाचा आणि नेमके तिथेच बोट ठेवून पाहा. लिनक्स कर्नलमध्ये तर तपासणाऱ्याचे नाव 'टेस्टेड-बाय' या ओळीत बदलाबरोबर कायमचे नोंदले जाते. तुमच्या वहीतले पान त्याच तोलाचे असू द्या : कोणता संगणक, कोणत्या आवृत्त्या, कोणती कसोटी किती वेळा, किती वेळा फसली. दहातून एकदा फसली असेल तर ती एकदाच आधी लिहा.

आणि त्या चार संगणकांवर पॅकेज परत टाका. त्या मुलीला अठरापैकी कुठल्याही जागेवर बसता यायला हवे.

प्रश्न : बारामतीत माझे झेरॉक्सचे दुकान आहे. विंडोज ११ वर प्रिंटर लावला की 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' येते, कोड ४३. ड्रायव्हर तीनदा काढून घातला. प्रिंटर आतल्या खोलीत आहे, म्हणून तीन मीटरच्या केबलला चार मीटरची एक्स्टेन्शन जोडली आहे. नवा ड्रायव्हर कुठून आणू?

उत्तर : ड्रायव्हर सोडा. वरच्या उत्तरातले ओळखीचे दोन आकडे विंडोजला मिळतात, मग त्यांवरून ते ड्रायव्हर निवडते. तुमच्या प्रिंटरकडून ते आकडेच पोचत नाहीत, हाच त्या संदेशाचा अर्थ. ड्रायव्हरची पाळी आलेलीच नाही.

यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत धरतात. तुमची सात मीटर आणि मधे एक जोड. प्रिंटर उचलून संगणकाजवळ आणा, एक्स्टेन्शन काढा, नुसती तीन मीटरची केबल संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. चालला तर एक्स्टेन्शन परत जोडून पाहा. कोड ४३ परत आला की दोषी सापडला. मग प्रिंटर जवळ ठेवा किंवा तो वायफायचा असेल तर तसा जोडा. छोट्या केबलवर, दुसऱ्या संगणकावरही तोच कोड आला, तर केबल बदलून एकदा पाहा आणि तरीही तेच असेल तर प्रिंटर दुरुस्तीला द्या. त्याचे यूएसबीचे तोंड सैल झाले आहे का ते आधी बघायला सांगा.