पावतीवर ‘पन्नास एक’ नको

ताई, नमस्कार. मी कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे. नारायण पेठेतल्या आमच्या मंडळासाठी वर्गणीच्या पावतीचं वेब ॲप बनवलंय, रक्कम टाकली की पावती तयार होऊन समोरच्याच्या फोनवर जाते. दोन घोळ आहेत. नेटवरचं इंग्रजी फंक्शन घेऊन त्यातले शब्द मी मराठी केले, तर ५,१५१ ला ‘अक्षरी रुपये पाच हजार एकशे पन्नास एक फक्त’ असं छापून येतं. आणि रात्री हिशोब लावताना बेरीज कमी भरते, खजिनदार काका म्हणतात मी सगळं बरोबरच टाकलंय. काय करू?
— एक कार्यकर्ता

अरे, आधी बेरजेचं बघू, कारण ते लोकांचे पैसे आहेत.

काका बरोबर सांगतायत. ते ५,००१ टाकताना मधे कॉमा देत असणार, आयुष्यभर वहीत तसंच लिहिलंय त्यांनी. तू जर आकडा वाचायला जावास्क्रिप्टचं पार्सइंट हे फंक्शन वापरलं असशील तर ते डावीकडून वाचत जातं आणि अंक नसलेलं पहिलं चिन्ह आलं की तिथेच थांबतं, म्हणजे ५,००१ चे झाले ५ रुपये. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, काही नाही. १,२५,००० आले तर नुसता १. सगळ्यात वाईट चूक हीच, जी गप्प बसते. आणि कुणी फोनवर मराठी कीबोर्ड लावून देवनागरी आकडे टाकले तर जावास्क्रिप्टला ते आकडेच वाटत नाहीत, तिथे ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, हातात येतं.

उपाय सोपा आहे. आलेल्या मजकुरातले देवनागरी अंक आधी इंग्रजी कर (युनिकोडमधे शून्य ते नऊ ओळीने एकापाठोपाठ आहेत त्यामुळे एक वजाबाकी पुरते), मग कॉमा आणि स्पेस काढ, आणि उरलेल्यात अंकांशिवाय एकही चिन्ह दिसलं तर सरळ ‘रक्कम पुन्हा टाका’ म्हण. अंदाज करत बसू नकोस. डेटाबेसमधे नुसता पूर्णांक ठेव, कॉमा, रुपयाचं चिन्ह, ‘फक्त’ हे सगळं दाखवतानाच लागू दे. आणि सेव्ह करायच्या आधी काकांना पूर्ण रक्कम मोठ्या अक्षरात एकदा दाखव, चूक लगेच डोळ्यात येईल.

आता ‘पन्नास एक’. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि मग वीस, तीस करत नव्वदपर्यंतचे शब्द, असे २७ शब्द दिले की ९९ पर्यंतचं काम होतं, कारण पुढचं सगळं जोडकाम आहे. मराठीत तसं नाही ना. एकवीस, एकतीस, एकेचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एकाहत्तर, प्रत्येक ठिकाणी तो ‘एक’ वेगळा होऊन बसतो. एकोणतीस, एकोणचाळीस करत एकोणनव्वदपर्यंत येतो आणि ९९ ला एकदम नव्व्याण्णव, एकोणशंभर नाही. याचा नियम बसवायला जाऊ नकोस, मी गेले होते, दोन दिवस घालवले आणि अपवादांची यादी नियमापेक्षा मोठी झाली. एक ते नव्व्याण्णव असे सगळे शब्द सरळ लिहून काढ. तासाभराचं काम आहे.

मग आकड्याचे तुकडे कर: कोटी, लाख, हजार, शंभर आणि उरलेले. हजार आणि लाखाचे तुकडे शंभरच्या आतलेच असतात म्हणून तीच यादी चालते, कोटी शंभर किंवा त्याच्या वर गेले तर फंक्शनने स्वतःलाच परत बोलवायचं. नाजूक जागा शेकड्याची आहे. दोनशे, तीनशे जोडून लिहायचं, पण एक शेकडा असेल आणि पुढे काही उरलं नसेल तर ‘शंभर’, उरलं असेल तर ‘एकशे’. म्हणजे ५,१०० ला ‘पाच हजार शंभर’, आणि तुझे ५,१५१ ‘पाच हजार एकशे एक्कावन्न’. टेस्टसाठी ५०१, १,१०१, ११,१११ आणि १,००,००० हे चार तर घेच, वर्गणीत असेच आकडे येतात.

यादी झाली की घरातल्या मोठ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घे. माझ्या यादीत मी ‘तिरसठ’ आणि ‘सतहत्तर’ लिहून बसले होते, हिंदी कानात बसलेलं, आईने वाचता वाचता थांबून ‘त्रेसष्ट, सत्याहत्तर’ केलं.

तुला कुणीतरी म्हणेल की ‘पन्नास एक’ तर आता पुस्तकातसुद्धा आहे. २०१९ मधे बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ ही पद्धत जुन्या शब्दांच्या जोडीने दिली होती आणि केवढी चर्चा झाली. मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या आणि लहान मुलांना जोडाक्षरांचे अवघड शब्द जड जातात हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण ती सोय शिकणाऱ्या मुलासाठी आहे. पावती वाचणारे आजोबा एक्कावन्नच म्हणणार, आणि पावती त्यांची आहे.

आकड्यातली रक्कम छापायला मात्र स्वतः काही लिहू नकोस. ब्राउझरमधे आकडे मांडायला इंटल नंबरफॉरमॅट तयारच आहे, त्याला ‘एमआर-आयएन’ लोकेल (कुठल्या भाषेची आणि देशाची पद्धत ते सांगणारी खूण) दिलं की लाख-कोटीच्या जागी कॉमा आणि देवनागरी अंक आपोआप येतात. अंक इंग्रजी हवे असतील तर त्यालाच पुढे ‘यू-एनयू-लॅटन’ जोडायचं. पावतीची पीडीएफ सर्वरवर बनवत असशील तर नोडचं (सर्वरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) व्हर्जन बघ, १३ च्या आधीच्या नोडमधे साधारणपणे फक्त इंग्रजीचा डेटा यायचा, मग लॅपटॉपवर १,२५,००० आणि पावतीवर १२५,००० असं होतं.

दुसरं पत्र: आम्ही बाणेरमध्ये फ्लॅट विक्रीचं काम करतो. आमच्या साइटवर साडेब्याण्णव लाखांचा फ्लॅट ‘९.३ एम’ आणि सव्वा कोटीचा ‘१३ एम’ दिसतो. गिऱ्हाईक फोन करून विचारतं हे काय. डेव्हलपर म्हणतो लोकेल बदलतो, तेवढ्याने होईल का?

अर्धंच होईल. लोकेल मराठी केलं की ‘एम’ (मिलियन, म्हणजे दहा लाख) जाऊन लाख-कोटी येतील, पण किंमत चुकीचीच राहील. हे थोडक्यात दाखवणारं फॉरमॅटिंग, ज्याला कॉम्पॅक्ट म्हणतात, ते स्वतःहून फार जवळजवळचा आकडा धरतं. तुमचे ९२,५०,००० ‘९३ लाख’ होतील आणि १,२५,००,००० ‘१.३ कोटी’, म्हणजे सव्वा कोटीच्या फ्लॅटवर पाच लाख उगाच चढले! डेव्हलपरला सांगा, दशांश चिन्हानंतर जास्तीत जास्त दोन अंक अशी सेटिंग द्या. मग ९२.५ लाख आणि १.२५ कोटी असं नीट दिसेल. हाताने भागाकार करून ‘लाख’ चिकटवू नका, नाहीतर ९९,९९,९९९ ला ‘१०० लाख’ दिसतं.

आणि हे फक्त फ्लॅटच्या यादीपुरतं. फ्लॅटच्या पानावर, कोटेशनवर पूर्ण आकडा द्या, माणूस तिथे आयुष्याची पुंजी लावतोय, त्याला शेवटचा रुपया दिसायलाच हवा.

तिसरं पत्र: पत्त्याच्या फॉर्ममधे पिनकोड ४,११,०३० असा दिसतोय. कॉमा कसा काढू?

काढू नका, मुळात पिनकोड नंबर म्हणून साठवूच नका, टेक्स्ट म्हणून साठवा. ज्याची कधी बेरीज करणार नाही ते टेक्स्ट. मोबाइल नंबर तसाच, बँकेचा खाते नंबर तर नक्कीच, कारण त्याच्या सुरुवातीला शून्य असेल तर ते उडतं, आणि पंधरा अंकांच्या पुढे जावास्क्रिप्ट शेवटचे अंक बदलूनही टाकू शकतं. सदाशिव पेठेतल्या माणसाला ४११०३० सलगच बघायची सवय आहे.