बोलकी आहे, पण लिहिते का?

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धीट आहे, कुणाशीही चटकन ओळख करून घेते. सगळे म्हणतात, हिला पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्काच्या कामात घाला. तिलाही ते पटलंय. त्यासाठी कोणती कौशल्यं लागतात? वेगळा कोर्स करावा का? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई. धीटपणा पुढे कामी येईल, पण सुरुवातीची वर्षं तिला बोलायला कमी आणि लिहायला जास्त बसवतील. प्रेसनोट, निवेदनं, साहेबांची भाषणं, पत्रकार काय विचारतील त्याची आधीच तयार ठेवलेली उत्तरं. म्हणून मीच विचारतो, ती लिहिते का?

घरच्या घरी बघता येईल. कॉलेजात झालेल्या रक्तदान शिबिराची बातमी लिहायला सांगा. बहुतेक मुलं 'आमच्या महाविद्यालयातर्फे कळवण्यास अत्यंत आनंद होत आहे की' अशी सुरुवात करतात, मग प्राचार्यांपासून सगळ्यांची नावं. उपसंपादक आधी तो आनंदच कापतो. त्याऐवजी 'रविवारच्या शिबिरात २१२ जणांनी रक्तदान केलं, त्यातले निम्मे पहिल्यांदाच आले होते' असं लिहिलं, तर तो दुसरी ओळ तरी वाचतो. पहिल्या वाक्यात बातमी शोधता येणं हे या धंद्यातलं अर्धं कौशल्य, असं माझं मत.

त्यातून दुसरी गोष्ट येते, समोरच्याच्या घड्याळाचं भान. संध्याकाळी पानं लावायची घाई असताना 'आमची नोट मिळाली का?' म्हणून फोन करणाऱ्याचा नंबर पत्रकार लक्षात ठेवतात, पण तो न उचलण्यासाठी.

तिसरी गोष्ट कोर्समध्ये शिकवून फारशी येत नाही. वाईट बातमी लपवू नका, हे मालकाला तोंडावर सांगायची हिंमत. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला. गप्प बसायची तेव्हाची रीत मोडून आयव्ही ली या सल्लागारानं रेल्वे कंपनीला स्वतःहून निवेदन काढायला लावलं, पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची सोयही केली. जगातली पहिली प्रेसनोट म्हणून त्याच निवेदनाचं नाव घेतात. म्हणजे या कामाची सुरुवातच अडचणीची गोष्ट सांगण्यातून झाली, गोडगोड बोलण्यातून नाही. तुमची मुलगी सगळ्यांना आवडते, हे छान आहे. पण तिला 'नाही' म्हणता येतं का, तेही बघा.

आकड्यांचीही थोडी सवय हवी. कात्रणं मोजून, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावून 'इतक्या लाखांची प्रसिद्धी मिळाली' म्हणायची जुनी पद्धत आहे. पीआरचं काम कसं मोजावं हे सांगणाऱ्या २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनी ती बाद ठरवली, तरी ती सुटलेली नाही. तिनं सुरुवातीपासूनच 'बातमी छापून आल्यावर लोकांनी काय केलं?' हे विचारायला शिकावं.

कोर्सचं म्हणाल तर घाई नको. पदवी कोणतीही चालते. जनसंज्ञापनाचा (मास कम्युनिकेशन) डिप्लोमा करायचाच असेल, तर इंटर्नशिप कुठे मिळते ते आधी विचारा, इमारत नंतर बघा. सुटीत एखाद्या वृत्तपत्रात महिनाभर उमेदवारी मिळाली तर त्याहून उत्तम, कारण आलेल्या प्रेसनोटा टोपलीत कशा जातात ते तिला तिथे दिसेल.

आणि ती शिबिराची बातमी लिहून झाली की मला पाठवा. दीडशे शब्दांच्या आत, आणि तुम्ही न सुधारता.