गजर मीच लावला होता

"हे माझ्याकडून आलं का?" आनुवंशिक आजारांच्या समुपदेशनात हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की तो केव्हा येणार तेही आता कळतं. वडील क्वचित विचारतात. आया विचारतात, आणि बहुधा नवरा गाडी लावायला गेलेला असताना.

साताऱ्याकडच्या एक ताई होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). घरी शिवणकाम करायच्या. मुलगी दहावीत. पहाटे पाचला अभ्यासाचा गजर वाजला, मुलगी दचकून उठली आणि कोसळली. हातपाय झडले, म्हणून आठ महिने फिटच्या गोळ्या चालल्या. मग एका डॉक्टरांनी साधा ईसीजी काढला. लाँग क्यूटी, दुसरा प्रकार. म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला शांत व्हायला वेळ लागतो असा आनुवंशिक आजार; ईसीजीवरचं 'क्यूटी' हे अंतर त्यात लांबतं. अचानक आवाजाने झटका येणं ही या प्रकाराची ओळखीची खूण. केसीएनएच२ या जनुकातला बदल मुलीत सापडला, मग ताईंच्याही रक्तात.

"सासूबाई म्हणतात, दोष तुमच्या माहेरचा." आणि जरा थांबून, "गजरही मीच लावला होता."

दोष! बिघाडालाही तोच शब्द आणि गुन्ह्यालाही तोच. मीही पूर्वी कागदावर 'जनुकीय दोष' लिहायचे, आता 'बदल' लिहिते. ताईंनी ते लगेच हेरलं. "शब्द बदलून काय होतं मॅडम?" खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसऱ्या भेटीत मी त्यांच्याच धंद्यातलं बोलले. हृदयाच्या पेशीला बारीक दारं असतात. ठोका पडला की काही दारांतून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी शांत होते. यातलं एक दार म्हणजे चार कळ्यांचा परकर समजा, चारही कळ्या एकाच मापाच्या. माप कागदावर दोनदा काढलेलं, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. त्यातलं एक चुकलंय, दोन्ही मापांनी सारख्याच कळ्या कापल्यात आणि त्या न बघता उचलायच्या आहेत.

ताईंनी बोटांवर हिशेब केला. "सोळात एकच परकर सगळा धड निघेल."

मला टाळी द्यावीशी वाटली. सगळ्याच बदलांत असं होत नाही. पुष्कळदा चुकलेली कळी पेशीच्या कडेपर्यंत पोचतच नाही. इथे मात्र ती चांगल्या कळ्यांना जोडली जाऊन अख्खं दार बिघडवत होती. पोटॅशियम उशिरा बाहेर, पेशी उशिरा शांत, आणि तेवढ्यात अवेळी ठोका पडला की ताल सुटतो, मेंदूला रक्त पोचत नाही. ती फिट नव्हती.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण हेच माप माझ्याकडे आहे. मी कशी कधी पडले नाही?"

हा प्रश्न त्यांच्याच तोंडून यायला हवा होता. एकच बदल असूनही कुणी पडतं, कुणी आयुष्यभर पडत नाही. पहिल्याच भेटीत मी त्यांचा स्वतःचा ईसीजी लिहून दिला होता. "काढला?" "राहिला." आणि मग, "माझा भाऊ बाविसाव्या वर्षी गेला. आईने पहाटे जोरात हाक मारली आणि तो उठला तो पडलाच. आई अजून म्हणते, मी हाक मारायला नको होती."

वंशावळ काढताना मी गोल-चौकोनांत फक्त आजार शोधत नाही, अपराध कुणाकडून कुणाकडे उतरला तेही बघते. सहकारी हसतात. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलेलं माणूस स्वतःला रुग्ण समजतच नाही, हे मला त्या वंशावळीनेच शिकवलं.

म्हणून असा अहवाल हातात आला, की कोणाकडून आलं हे फक्त पुढे कोणाला तपासायचं एवढ्यासाठी विचारा. आईवडील, भावंडं, मुलं, सगळ्यांची तपासणी हवी. प्रत्येक अपत्यात बदल येण्याची शक्यता निम्मी. ईसीजी चांगला आला तरी घरात सापडलेल्या बदलासाठी जनुकाची तपासणी टाळू नका, कारण बदल असूनही ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. बीटा ब्लॉकर, म्हणजे या आजारात हृदयाचा ताल जपणाऱ्या गोळ्या, मनाने बंद करायच्या नाहीत. काही अँटिबायोटिक आणि उलटीवरची काही औषधं क्यूटी आणखी लांबवतात, तेव्हा कुठल्याही डॉक्टरांना आजाराचं नाव आधी सांगा. जुलाब-उलट्या लांबल्या तर पोटॅशियम उतरतं, घरी थांबू नका. या प्रकारात बाळंतपणानंतरचे महिनेही जपायचे असतात. लग्नाची काळजी करणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगते.

ताईंचाही क्यूटी लांबलेला निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेला त्या आईला घेऊन आल्या, ईसीजीसाठी. म्हातारीने टेबलावर झोपायच्या आधी चारदा विचारलं, दुखेल का.

गजर घरातून गेलाय. पाचला ताई मुलीच्या पाठीवरून हात फिरवतात.

"आणि तुम्हाला कोण उठवतं?"

"मला कशाला कोण उठवायला? मी चारपासून जागीच असते."