आजी एवढं का विचारते?

प्रिय इरा,

बडोद्याहून परतताना विमानात तू विचारलंस, "आजी सगळ्यांना एवढे प्रश्न का विचारते? रिक्षावाल्या काकांनासुद्धा! शाळेत तर सांगतात, दुसऱ्याच्या खासगी गोष्टींत पडू नये." तेव्हा तुझे डोळे मिटत होते, म्हणून आता सावकाश लिहितोय.

शाळेचं बरोबर आहे. आपल्याकडे माणसाला जोखणारे प्रश्न भरपूर विचारतात. आडनाव काय, पगार किती, लग्न का नाही झालं? मला ते मुळीच आवडत नाहीत. आजीचे प्रश्न त्यातले नव्हेत.

मी लहान असताना दांडिया बाजारातल्या आपल्या घरी वरच्या खोलीत सयाजीराव विद्यापीठातली मुलं भाड्याने राहायची. त्यांतला एक नाशिककडचा. महिनाअखेर आली की "आज भूक नाही" म्हणून लवकर झोपायचा. "पैसे संपले का रे?" असं आजीने त्याला एकदाही विचारलं नाही. मेथी निवडायला बसली की हाक मारायची, "जरा हात लाव बघू." निवडता निवडता विचारणं चालायचं: गावाकडे पाऊस झाला का, धाकटी बहीण कितवीत आहे? मग म्हणायची, "पोळ्या उरतील रे, बस पानावर." म्हणजे तोच आजीला मदत करतोय! घरचं कांद्याचं पीक सडलं होतं, हे पुढे त्यानेच आपणहून तिला सांगितलं. तिने ते ओट्यावरच्या गप्पांत कधी काढलं नाही. मलाही कळलं ते तो नोकरीला लागल्यावर, त्याच्याच तोंडून.

ही रीत जुनी आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी आठवड्याची घरं ठरलेली. काही घरी त्यांना आपल्या मुलांच्या पंगतीला बसवत, काही घरी कामं सांगत आणि उरलंसुरलं वाढत. शिवाय ही दारं बहुतेक ब्राह्मण मुलांसाठीच उघडत. हेही तुला माहीत असायला हवं.

कारण याच बडोद्यात १९१७ साली काय झालं ते ऐक. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेत शिकायला गेले होते. शिकून ते संस्थानच्या नोकरीत आले. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद लांबून फेकत. राहायला कुणी जागा देईना, म्हणून पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांनी काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना जागा सोडायला लावली. ओळखीच्यांनीही घरात घेतलं नाही. तू जिथे वाघ पाहिलास, त्याच कमाटीबागेत ते तासन् तास बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. एवढा शिकलेला अधिकारी, पण संध्याकाळी तो कुठल्या दाराशी जातो याची चौकशी करावी असं त्या कचेरीत किती जणांना वाटलं असेल? त्यांची जात मात्र सगळ्यांना ठाऊक होती. या गोष्टीचा मला अजून राग येतो.

तुझ्या वर्गातली नवी मुलगी मधल्या सुट्टीत डबाच उघडत नाही, असं तू म्हणालीस. का, ते आपल्याला माहीत नाही. उपास असेल, डब्याला कुणी हसलं असेल, घरी काही बिनसलं असेल. तिला "का खात नाहीस?" असं सगळ्यांसमोर विचारू नकोस. शेजारी जाऊन बस. ती वहीत घोडे काढते ना, ते कसे काढायचे ते विचार. गप्प राहिली तरी रागावू नकोस, दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. तिने काही सांगितलंच, तर तिला विचारल्याशिवाय मलाही सांगू नकोस. फक्त तिला कुणी मारतंय किंवा घाबरवतंय असं कळलं, तर मात्र तिला सांगून लगेच बाईंकडे जा, नाहीतर माझ्याकडे ये.

तुझा,
बाबा