युद्धबंदी म्हणजे थांबलेली लढाई की पकडलेला सैनिक?

भुसावळच्या एका वाचकाने विचारलंय की मराठी न्यूज चॅनलवर खाली पट्टी फिरत होती, "युद्धबंदीनंतर युद्धबंदींची सुटका सुरू", तर एकाच ओळीत एकच शब्द दोन अर्थांनी कसा काय, त्यातला बरोबर कोणता, आणि आपल्याकडे सणावारी किंवा आंदोलनाच्या आधी जी जमावबंदी लागते त्यातली बंदी हीच का वेगळी. शिवाय युद्धबंदी, शस्त्रसंधी, युद्धविराम हे तिन्ही शब्द एकाच बातमीला वेगवेगळ्या पेपरात वाचले, ते एकच का, असंही त्यांनी विचारलंय. प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. मराठीत युद्धबंदी म्हणजे लढाई थांबणं. ती युद्धबंदी, स्त्रीलिंगी. आणि पकडला गेलेला सैनिक म्हणजे युद्धकैदी. त्यामुळे ती पट्टी मराठीत "युद्धबंदीनंतर युद्धकैद्यांची सुटका सुरू" अशी पाहिजे. दुसऱ्या जागी जो युद्धबंदी आलाय तो हिंदीतला आहे, हिंदीत युद्धबंदी म्हणजे कैद झालेला सैनिक आणि लढाई थांबण्याला ते युद्धविराम नाहीतर संघर्षविराम म्हणतात. डेस्कवर हिंदी बातमी समोर ठेवून मराठी करताना शब्द लिपीसकट जसाच्या तसा उतरतो, लिपी एकच असल्यामुळे कोणाला खटकतही नाही. आपल्या खानदेशात तर अजूनच, भुसावळ रेल्वेचं गाव, पलीकडे बऱ्हाणपूर, घराघरात हिंदी चॅनल, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही अर्थ आधीपासूनच असतात.

हे दोन शब्द दिसायला एक असले तरी आलेत वेगवेगळ्या घरातून. एक बंदी फारसीतली, 'बंद' ला ई लागून झालेली, म्हणजे बंद करण्याची क्रिया. नाकाबंदी, तटबंदी, दारूबंदी, निर्यातबंदी, नसबंदी, जमावबंदी, संचारबंदी सगळ्या याच घरातल्या. तर हो, तुमच्या जमावबंदीतली बंदी आणि मराठी युद्धबंदीतली बंदी एकच. दुसरा बंदी संस्कृतातला, म्हणजे कैदी, त्यावरून आपले बंदिवान, बंदिशाळा. हिंदीने युद्धबंदी करताना हा दुसरा घेतला, मराठीने पहिला. आणि गंमत बघा, उर्दूत जंगबंदी म्हणजे लढाई थांबणंच, म्हणजे या एका शब्दापुरती मराठी हिंदीपेक्षा उर्दूच्या जवळ आहे.

आता कोणी म्हणेल की मराठीतही बंदी म्हणजे कैदी होतोच की. होतो. आपल्या राज्याचं कारागृह खातं कैद्यांना बंदीच म्हणतं, न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी, आणि अनेकवचनात बंद्यांना, बंद्यांनी. त्यामुळे कैदी या अर्थाचा युद्धबंदी अगदी अशुद्ध आहे असं मी म्हणणार नाही. पूर्ण वाक्य असलं तर क्रियापद निवाडा करतं, "युद्धबंदी झाली" आणि "युद्धबंदी परतले" यात घोळ होत नाही. पण पट्टीत आणि हेडलाईनमध्ये क्रियापद गळून पडतं, "युद्धबंदीवरून दोन्ही देशांत वाद" अशी ओळ आली की वाद लढाई थांबवण्यावरून आहे का पकडलेल्या माणसांवरून हे कळायला मार्गच राहत नाही. आपल्याकडे कैदी हा शब्द ठणठणीत असताना, शाळेतल्या पोराला समजत असताना हा घोळ कशाला घालायचा?

आणि हा नुसता शुद्धलेखनाचा किस नाहीये. लढाई थांबणं आणि कैदी सुटणं या दोन गोष्टी एकत्र होतातच असं नाही, बहुतेक वेळा होत नाहीत. १९७१ घ्या. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली, दुसऱ्या दिवशी पश्चिम आघाडीवर युद्धबंदी झाली, पण सुमारे ९३,००० युद्धकैदी भारतात राहिले, त्यांचा प्रश्न सिमला करारानंतरही लोंबकळत होता आणि १९७३ मध्ये दिल्लीत वेगळा करार झाल्यावर १९७४ पर्यंत ते परत गेले. म्हणजे युद्धबंदी एका दिवसाची आणि युद्धकैदी दोन वर्षांहून जास्त. याच्या उलटं उदाहरण अगदी अलीकडचं, मे २०२५ मध्ये इस्तंबूलला रशिया आणि युक्रेनची बोलणी झाली, लढाई थांबवण्यावर काहीच जमलं नाही, पण दोन्हीकडून हजार हजार माणसं सोडायचं ठरलं आणि २३ ते २५ मे या तीन दिवसांत ती सोडली पण. लढाई चालूच. आता याला जर कोणी "युद्धबंदीवर एकमत" असं लिहिलं तर मराठी वाचणाऱ्याने काय समजायचं, लढाई संपली असंच ना. घरातला म्हातारा माणूस चहा पिता पिता विचारतो, "लढाई थांबनी का रे भाऊ?", त्याला आपण पट्टी वाचून हो म्हणून सांगणार, आणि तिकडे त्या रात्रीही लोक मरतच असणार. लोकांच्या मरणाची बातमी आहे ती, त्यात शब्द चुकीचा गेला तर मला खरंच राग येतो.

जुन्या मराठी वाचकांना युद्धबंदी शब्द पक्का माहीत आहे तो एका रेषेमुळे. १ जानेवारी १९४९ ला काश्मीरमधली लढाई थांबली, त्याच वर्षी जुलैमध्ये कराचीत रेषा आखली गेली, तिला मराठीत युद्धबंदी रेषा म्हणत. १९७२ च्या सिमला करारानंतर तिची नियंत्रण रेषा झाली, ताबारेषा पण लिहितात. नाव बदललं आणि तो शब्द रोजच्या बातमीतून गेला, आणि मला वाटतं हिंदी अर्थ आत शिरायला जागा झाली ती इथेच. हा माझा अंदाज आहे, पण जुने अंक चाळणाऱ्यांनी जरूर बघावं.

आता तीन शब्दांचं. युद्धबंदी आणि युद्धविराम यात मी तरी फार फरक करत नाही, विराम म्हणजे थांबा, पुढे परत सुरू होऊ शकतं हे त्यात उघड आहे, एवढंच. तो सुद्धा चांगला शब्द आहे आणि त्यात कैद्याचा घोळ नाही, त्यामुळे ज्यांना युद्धबंदीची भीती वाटते त्यांनी खुशाल युद्धविराम वापरावा. शस्त्रसंधी मात्र वेगळी. संधी म्हणजे करार, म्हणजे दोन्ही बाजूंनी अटी लिहून सही करून शस्त्रं खाली ठेवणं. पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं ते शस्त्रसंधीने, व्हर्सायचा तह झाला त्यानंतर, २८ जून १९१९ ला. कोरियात २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधी झाली आणि तह आजपर्यंत झालेलाच नाही. म्हणून १० मे २०२५ ला संध्याकाळी पाच वाजल्यापासून भारत आणि पाकिस्तानने जमीन, हवा आणि समुद्रावरचा गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायचं ठरवलं तेव्हा आपल्या पेपरांनी मोठ्या टाईपात शस्त्रसंधी छापलं ते मला पटलं नाही. दोन लष्करी अधिकाऱ्यांचं फोनवर ठरलं होतं, सही केलेला कागद नव्हता. तिथे युद्धबंदी किंवा साधं "गोळीबार थांबला" जास्त खरं होतं.

आणि या सगळ्याच्या शेवटी जो येतो तो तह. हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकात ठेवून दिलाय, पुरंदरचा तह, सालबाईचा तह, वसईचा तह, आणि आजच्या बातमीत शांतता करार लिहितो. तह दोन अक्षरी आहे, हेडलाईनला केवढा सोयीचा. खानदेशाने तर तह आणि लढाई थांबणं यातलं अंतर स्वतःच्या अंगावर भोगलंय. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरला होळकरांचा इंग्रजांशी तह झाला, सातपुड्याच्या दक्षिणेचा त्यांचा मुलूख इंग्रजांना गेला, म्हणजे कागदावर सगळं संपलं होतं. २७ फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरला आला, तापीकाठचा आपल्या शिरपूर तालुक्यातला किल्ला, आणि किल्लेदार तुळशीराम मामांनी तो द्यायला नकार दिला. तोफा चालल्या, मग शरणागतीची बोलणी, मग दरवाज्यातून काही इंग्रज अधिकारी आत गेले आणि दारातच झटापट होऊन त्यातले काही मारले गेले. आत बरेचसे अरब शिपाई होते, अटी नेमक्या काय ठरल्या, त्यांना त्या समजल्या का, दगा होता का गैरसमज होता, यावर तेव्हापासून वाद आहे. पण त्यानंतर किल्ल्यातली सुमारे ३०० माणसं कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिली. त्या फाशीवरून पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्येही बोलणं झालं. तह झालेला, बोलणी चाललेली, आणि तरी एवढी माणसं गेली, कारण लढाई कधी थांबली आणि कोणत्या अटीवर थांबली हे दाराच्या दोन्ही बाजूंना एकसारखं कळलेलं नव्हतं. थाळनेरच्या त्या पडक्या भिंती बघताना मला हेच आठवतं, आणि म्हणूनच कोणी मला म्हणालं की अरे शब्दांत काय ठेवलंय तर मी ऐकून घेत नाही.

राहिला जमावबंदीचा भाग. जिल्ह्याच्या पानावर कोपऱ्यात एक छोटी बातमी नेहमी असते, "जिल्ह्यात शस्त्र व जमावबंदी आदेश लागू". तो आदेश बहुतेक वेळा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ चा असतो, ३७(१) खाली काठ्या, तलवारी, दगड वगैरे बाळगायला बंदी आणि ३७(३) खाली जमायला आणि मिरवणुकीला बंदी, आणि ही जमायची बंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लोक ज्याला अजूनही १४४ म्हणतात ते कलम वेगळं, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालंय. या शस्त्रबंदीचा आणि वरच्या शस्त्रसंधीचा काही संबंध नाही, पण मी एकदा नाही बऱ्याचदा लोकांना दोन्हीत गोंधळताना ऐकलंय.

इथे मला एक गोष्ट जाणवते ती सांगतो. आंदोलनाच्या बातमीत बंद आणि बंदी या दोन शब्दांनी कोण काय करतंय ते कळतं. बंद लोक पाळतात, बंदी सरकार घालतं. बाजार समिती बंद, शहर बंद, कडकडीत बंद, हे खालून वर जाणारं. जमावबंदी, संचारबंदी, कांदा निर्यातबंदी हे वरून खाली येणारं. म्हणून २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात गावोगावी वेशीवर बोर्ड लागले, "नेत्यांना गावबंदी", तेव्हा तो शब्द इतका झोंबला, कारण जो शब्द कायम सरकारच्या तोंडी होता तो गावाने उचलला आणि पुढाऱ्यांवर लावला. भाषेच्या दृष्टीने मला ती फार मोठी गोष्ट वाटते. त्याच्याही आधी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द होतेच, आपल्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं ते गावानेच नियम करून आणि दंड लावून. म्हणजे बंदी नेहमी वरूनच येते असं नाही, पण कोणी घातली हे बातमीत आलंच पाहिजे. नुसतं "जमावबंदी लागू" लिहिलं की जणू पाऊस लागला तसं आपोआप झाल्यासारखं वाटतं. कोणी लावली, किती दिवस, कोणत्या कारणाने हे नसलं तर ती बातमी अर्धीच. माणसं एकत्र जमली म्हणून काय होऊ शकतं हे नंदुरबारला सांगायला नको, ९ सप्टेंबर १९४२ ला मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबरची मुलं गेली.

टाळेबंदीचं थोडक्यात सांगतो. अमळनेर, धुळे, जळगाव, चाळीसगाव या गिरण्यांच्या गावांत टाळेबंदी म्हणजे मालकाने गिरणीला कुलूप लावून कामगार बाहेर ठेवणं. मार्च २०२० पासून तोच शब्द सगळ्या देशाला घरात ठेवण्यासाठी वापरला गेला आणि आता तरुण पोरांना पहिला अर्थ सांगितला तरी खरा वाटत नाही. शब्द असे सरकतात, त्याला इलाज नाही.

पण एका वापराला मात्र माझा ठाम विरोध आहे. एप्रिल मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४, ४५ वर गेला की दरवर्षी हमखास छापून येतं, "उन्हामुळे रस्त्यांवर अघोषित संचारबंदी". धुळ्यात ऑक्टोबर २००८ ला आणि परत जानेवारी २०१३ ला खरी संचारबंदी लागली होती, दंगलीनंतरची. ज्यांच्या घरातलं माणूस तेव्हा गेलं, ज्यांना दूध आणायला बाहेर पडता आलं नाही, ते पण हाच पेपर वाचतात. ऊन कोणाला घराबाहेर पडायला कायद्याने मना करत नाही, आणि हातगाडीवाला, हमाल, केळीच्या बागेतले मजूर त्या उन्हात कामावर असतातच, ते त्या अघोषित संचारबंदीत कुठे बसतात? "दुपारी बाजारपेठ ओस" एवढं लिहिलं तरी पुरतं, आणि खाली मजुरांना पाणी आणि सावली मिळतेय का ते लिहावं.