स्टेंट टाकायचा का आणि टाकल्यावर पुढे काय: वाचकांचे प्रश्न

अँजिओप्लास्टी, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्ताची नळी आत फुगा फुगवून उघडणं आणि तिथे स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवणं, याबद्दलचे प्रश्न मागच्या अंकात मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतकं आलं की सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न परत परत आले तेवढे घेतलेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न (सातारा): वडील ६४ वर्षांचे. चढ चढताना छातीत भरून येतं, थांबले की जातं, असं सहा-सात महिने चाललंय. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी बघतात ती तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी (हृदयाच्या नळ्यांत डाय, म्हणजे रंगद्रव्य, सोडून काढतात तो एक्स-रे) केली, एका नळीत ८० टक्के ब्लॉकेज निघालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, दहा मिनिटांत सांगा. आम्ही गडबडलो आणि नको म्हणून घरी घेऊन आलो. आता सगळे नातेवाईक म्हणतात तुम्ही वडिलांच्या जिवाशी खेळताय. आम्ही चुकलो का?

उत्तर: नाही, चुकला नाहीत. पहिल्यांदा एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण बाकीची सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. अँजिओप्लास्टी ही दिसायला एकच प्रोसिजर असली तरी अ‍ॅटॅक चालू असताना केली तर ती जीव वाचवते, आणि ठरावीक श्रमानंतरच दुखतं, बसलं की थांबतं अशा पेशंटमध्ये केली तर मुख्यतः त्रास कमी करते. दुसऱ्या प्रकारात ती आयुष्य वाढवते असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

हे मी मनाने सांगत नाहीये. २००७ साली करेज नावाचा अभ्यास आला, त्यात २,२८७ पेशंट होते, निम्म्यांना औषधं आणि निम्म्यांना औषधं अधिक स्टेंट, आणि मृत्यू किंवा अ‍ॅटॅक यांत फरक पडला नाही. लोक म्हणाले की ते जुने स्टेंट होते. मग इस्केमिया नावाचा आणखी मोठा अभ्यास झाला, ५,१७९ पेशंट, ३७ देश, त्यात भारतातलेही पेशंट होते. साधारण सव्वातीन वर्षांनी मोजलं तर सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू आणि आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४. हे आकडे मी पेशंटच्या घरच्यांना कागदावर लिहून दाखवतो कारण तोंडी सांगून कोणाचा विश्वास बसत नाही.

असं का होतं? आपल्या सगळ्यांच्या डोक्यात चित्र असतं की पाण्याच्या नळीला आतून क्षार चढतो तशी ही नळी भरत भरत जाते आणि एक दिवस गच्च बंद होते. प्रत्यक्षात बरेचसे अ‍ॅटॅक अशा ठिकाणी येतात जिथे आधी ४०-५० टक्केच ब्लॉकेज होतं, तिथला चरबीचा मऊ थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत नळी बंद. स्टेंट फक्त त्या दोन-तीन सेंटिमीटरवर काम करतो, पण स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, अ‍ॅस्पिरिन, बीपी-शुगर आटोक्यात ठेवणं आणि तंबाखू सोडणं हे सगळ्या नळ्यांवर काम करतं. म्हणून "स्टेंट टाकला, आता टेन्शन नाही" म्हणत गोळ्या सोडणारा माणूस मला जास्त काळजीचा वाटतो.

याचा अर्थ स्टेंट निरुपयोगी आहे असा मात्र काढू नका. त्याने त्रास खरंच कमी होतो. ऑर्बिटा-२ म्हणून २०२३ चा अभ्यास आहे, त्यात काही पेशंटची अँजिओप्लास्टी खरी केली आणि काहींची नुसती केल्यासारखी दाखवली, कोणाला काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं, आणि खरी झालेल्यांचं छातीत दुखणं स्पष्टपणे कमी झालं. तेव्हा वडिलांना दोन-तीन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन बघा, आणि तरीही चढ चढवत नसेल, रोजचं काम अडत असेल, तर स्टेंट टाकून घ्यायला काहीच हरकत नाही. इस्केमियामध्येसुद्धा औषधांवर ठेवलेल्या साधारण पाचातल्या एकाची पुढे प्रोसिजर करावी लागलीच.

आणि हे अपवाद नीट वाचा. डाव्या बाजूच्या मुख्य नळीच्या मुळाशीच ब्लॉकेज असेल, हृदयाचं पंपिंग बरंच कमी झालं असेल, किंवा दुखणं आता बसल्याजागी, झोपेत यायला लागलं असेल तर ही सगळी निवांत चर्चा लागू नाही. रिपोर्टमधलं ८० टक्के हेही डोळ्यांनी केलेलं अंदाजाचं माप असतं. मधल्या मापाचं, म्हणजे साधारण ४० ते ७०-८० टक्क्यांचं ब्लॉकेज असेल आणि शंका असेल तर बारीक वायर आत घालून प्रेशर मोजता येतं, एफएफआर म्हणतात, ते ०.८० किंवा त्याखाली आलं तर ब्लॉकेज खरोखर रक्त अडवतंय असं धरतात. रिपोर्ट आणि सीडी घेऊन दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टकडे जा, त्यात आधीच्या डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नसतो.

प्रश्न (चंद्रपूर जिल्हा): आमच्या गावापासून कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती जागा, तीन तासांवर आहे. अ‍ॅटॅक आला तर थेट तिकडेच पळायचं का?

उत्तर: तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. थेट पळू नका. आधी जवळात जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे जा, उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय असेल तर तिथे, आणि १०८ ला फोन करा. पेशंटला गाडी चालवू देऊ नका, जिने चढवू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि कुठून रक्तस्राव होत नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या.

मोठा अ‍ॅटॅक, म्हणजे नळी पूर्ण बंद झालेला, ईसीजीत दिसला की दोन रस्ते असतात. कॅथलॅब दोन तासांच्या आत गाठता येत असेल तर अँजिओप्लास्टी उत्तम, हॉस्पिटलच्या दारात पाऊल ठेवल्यापासून फुगा फुगवेपर्यंत ९० मिनिटांच्या आत व्हावी असा नियम आहे. तेवढ्यात पोचणं शक्य नसेल तर तिथेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं, टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज, आणि मग मोठ्या हॉस्पिटलला हलवायचं, पुढच्या २४ तासांत अँजिओग्राफी करायची. हे इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सगळ्यात चांगलं काम करतं, बारा तासांनंतर सहसा देत नाहीत. त्याचा मोठा धोका म्हणजे मेंदूत रक्तस्राव, शंभरात एखाद्याला होतो, म्हणून आधी स्ट्रोक झाला होता का, नुकतं ऑपरेशन झालंय का हे विचारतात. ते खरं सांगा.

आमच्याकडे वेळ जातो तो रस्त्यात कमी आणि घरात जास्त. गॅस झाला असेल म्हणून सोडा-लिंबू, ओवा, मग शेजारच्याला विचारणं, मग सकाळपर्यंत बघू. बायकांच्या बाबतीत तर हे फारच होतं, कारण त्यांना छातीत कळ येण्याऐवजी कधीकधी नुसता घाम, मळमळ, जबड्यात-पाठीत दुखणं, दम लागणं असं होतं आणि ती बाई स्वतःच म्हणते की काही नाही, दमले असेन. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही की ईसीजी काढाच, तो नॉर्मल आला तर चांगलंच की.

प्रश्न (नाशिक): आई ७० वर्षांची, वीस वर्षांची डायबेटिक, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं. तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज आहे. ती बायपासला घाबरते, स्टेंटच टाका म्हणते. स्टेंटमध्ये रिस्क कमी ना?

उत्तर: त्या दिवसापुरती कमी, पुढच्या पाच वर्षांची नाही. डायबेटिस आणि एकापेक्षा जास्त नळ्यांत ब्लॉकेज अशा १,९०० पेशंटचा फ्रीडम अभ्यास २०१२ साली आला, पाच वर्षांत स्टेंटवाल्यांमध्ये १६.३ टक्के आणि बायपासवाल्यांमध्ये १०.९ टक्के मृत्यू झाले. उलट बायपासवाल्यांना स्ट्रोक जास्त आले, ५.२ टक्के विरुद्ध २.४. तेव्हा घाबरून नाही तर दोन्ही बाजू बघून ठरवा, आणि कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनी एकत्र बसून सांगावं असा आग्रह धरा. फुप्फुसं खराब आहेत, अंगात ताकद नाही, बायपास झेपणारच नाही असं असेल तर स्टेंट हाच रस्ता उरतो.

किडनीचं म्हणाल तर अँजिओग्राफीच्या डायने ती आणखी बिघडू शकते, बहुतेकदा तात्पुरती. आधी सलाइन देतात, डाय कमीत कमी वापरतात, गरज नसेल तर सगळ्या नळ्या एकाच बैठकीत करत नाहीत. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी चालू आहे का आणि पेनकिलर रोज घेतात का हे आधी सांगा. दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन परत तपासायला मात्र विसरतात लोक.

बाकीच्या रिस्क: अ‍ॅटॅक नसताना ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत मृत्यूचं किंवा तातडीच्या बायपासचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली असतं, स्ट्रोक त्याहूनही कमी. जास्त दिसतो तो सुई घातल्याजागचा रक्तस्राव, आणि हल्ली जांघेऐवजी मनगटातून करतात त्यामुळे तोही कमी झालाय. आईला हे सांगून ठेवा: ती पूर्ण जागी असेल, मनगटावर भूल द्यायची सुई टोचेल, आणि आत फुगा फुगवतात तेव्हा काही सेकंद छातीत तसंच दुखेल जसं घरी दुखतं, फुगा सोडला की जाईल. आधी माहीत असलेली माणसं त्या वेळी घाबरत नाहीत. नंतर मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात आणि ती हवा थोडी थोडी सोडतात, तो स्वतःहून सैल करू नये.

प्रश्न (ठाणे): अ‍ॅटॅकनंतर चार महिन्यांपूर्वी स्टेंट टाकला. दाढ काढायचीये, डेंटिस्ट म्हणतात रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद करा. करू का?

उत्तर: करू नका, निदान तुमच्या कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नको. स्टेंट म्हणजे धातूची जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत तिथे गुठळी व्हायचा धोका असतो, आणि अशी गुठळी झाली तर साधं दुखणं नाही, पूर्ण अ‍ॅटॅक येतो आणि त्यात बरेच जण दगावतात. पहिल्या वर्षात हे होतं ते साधारण शंभरात एकाला, आणि गोळ्या मध्येच सोडणं हे त्याचं मोठं कारण. अ‍ॅटॅकनंतरच्या स्टेंटला रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या (अ‍ॅस्पिरिन आणि जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी) सहसा १२ महिने, ठरवून टाकलेल्याला ६ महिने, रक्तस्रावाची भीती जास्त असेल तर कार्डिओलॉजिस्ट तो काळ कमी करतात. त्यानंतर एक गोळी कायम. दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढता येते, तिथे टाका घालून, दाबून रक्त थांबवतात. शौच काळी डांबरासारखी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि टिकाग्रेलॉर चालू असेल तर त्याने कधीकधी उगाच दम लागल्यासारखं होतं, तेव्हाही गोळी सोडून न देता बदलून मागा.

प्रश्न (कोल्हापूर): स्टेंट परत बंद होतो का? आणि बिलात स्टेंटची खरी किंमत कशी ओळखायची?

उत्तर: १६ सप्टेंबर १९७७ ला झ्युरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या नळीत पहिला फुगा फुगवला, त्या काळात नुसत्या फुग्याने उघडलेल्या नळ्यांपैकी तिसरा हिस्सा काही महिन्यांत परत अरुंद व्हायचा. १९८६ पासून धातूचे स्टेंट आले, तरी पाचातला एक तरी भरायचा. आताच्या औषध लावलेल्या स्टेंटमध्ये ते दहा टक्क्यांच्या खाली आलंय, डायबेटिसमध्ये जरा जास्त.

किमतीचं सांगायचं तर १४ फेब्रुवारी २०१७ ला सरकारने कमाल दर बांधून दिला, औषधी स्टेंट २९,६०० आणि साधा ७,२६०, कर वेगळा, त्याआधी लाखाच्या वर घेत होते. नंतर दरात थोडा बदल होत आलाय. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी, बॅच नंबर वेगळे लिहिलेले पाहिजेत आणि स्टेंटच्या पाकिटावरचा स्टिकर तुमच्या फाइलला लावून मागा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला अ‍ॅडमिट होतानाच भेटा.

प्रश्न (सोलापूर): नवऱ्याच्या पोटऱ्या चालताना दुखतात. पायाच्या नळीत ब्लॉकेज आहे. तिथेही स्टेंटच का?

उत्तर: लगेच नाही. विडी-सिगारेट-तंबाखू आजच बंद, स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, आणि रोज दुखेपर्यंत चालणं, थांबणं, परत चालणं, असं तीन महिने नेटाने केलं तर बऱ्याच जणांचं चालण्याचं अंतर चांगलं वाढतं. पायातले स्टेंट हृदयातल्यापेक्षा जास्त वेळा भरतात, गुडघ्याजवळ तर सारखे वाकल्यामुळे मोडतातही. पण रात्री झोपेत पाय दुखायला लागला, अंगठ्याला जखम झाली आणि भरेना, किंवा बोटं काळी पडली तर तिथे पाय वाचवायचा प्रश्न असतो आणि फुगा-स्टेंट किंवा पायाचा बायपास यात दिरंगाई नको. आणि पाय एकदम थंडगार, पांढरा, बधिर झाला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री निघा, कारण पाय वाचवायला साधारण सहाच तास हातात असतात.