कुकीज अॅक्सेप्ट करू की नको?

प्रश्न: एका साइटवर बूट बघितले, घेतले पण नाहीत, आणि आता बातम्या वाचायला गेलं तरी तेच बूट समोर. फोन माझं बोलणं ऐकतो का? आणि ते कुकीजचं विचारतात तिथे काय दाबायचं?

उत्तर: अहो ऐकायची गरजच नाही, न ऐकताच भागतंय त्यांचं. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी चिठ्ठी, त्यात बरेचदा नुसता एक लांबलचक नंबर असतो. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुलींनी हे काढलं ते खरेदीची कार्ट लक्षात राहावी म्हणून, आणि आज कुकी नसेल तर दर पानावर परत लॉगिन करत बसाल.

गोची आहे ती थर्ड पार्टी कुकीची, म्हणजे तुम्ही बघताय त्या साइटची नव्हे तर तिसऱ्याच कंपनीची कुकी. बुटांच्या पानात जाहिरात कंपनीचा एक न दिसणारा तुकडा असतो, तो तिचा नंबर तुमच्या ब्राउझरला चिकटवतो, मग बातम्यांच्या पानावरही त्याच कंपनीचा तुकडा असला की ब्राउझर इमानदारीत तोच नंबर परत देतो, झालं, बूट हजर! नाव माहीत नसलं तरी सवयी कळतात, आणि कुठे लॉगिन केलंत की नावही जोडता येतं.

रिजेक्ट ऑल बिनधास्त दाबा, बहुतेक साइट तरी चालतातच. ते बटण बरेचदा मुद्दाम फिक्कट करून कोपऱ्यात ढकललेलं असतं, हा चावटपणा मला जाम खटकतो. सफारी २०२० पासून थर्ड पार्टी कुकीज आपणहून अडवतं, क्रोममध्ये सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. इनकॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी विंडोवर, फार विसंबू नका, ती विंडो बंद केली की कुकीज पुसल्या जातात, पण आयपी अॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा नंबर, साइटला दिसतोच.